सव्वा मीटर खोल

रूलफीननं माझ्या टेबलावर लेंडी ठेवली,
नाणं ठेवावं तशी, बोटानं पुढं सरकवत.
"ऑक्टोबरातली आहे," म्हणाली. "आज फेब्रुवारीची नऊ."

उचलून पाहिली. कोरडी, हलकी, अखंड.
कुणी फोडली नव्हती, कुणी नेली नव्हती,
चार महिने पावसात पडून
जमिनीनंही पदरात न घेतलेली.

मग तिनं शेजारी कागद ठेवला, माझ्याच अक्षरातला:
मेंढ्या दोनशे दहा. जंतांचं औषध.
सरसकट.

ड्रेंथेच्या या माळावर तीस वर्षं गुरं तपासतोय.
मेंढीच्या आत काय काय राहतं ते मला तोंडपाठ,
मेंढीच्या मागे काय राहतं
याची चौकशी कधी केली नाही.
आमची नजर शेपटीपाशी संपते.

त्या रात्री ती मला माळावर घेऊन गेली.
हीदर काळपट, धुकं गुडघ्याएवढं,
तिचा कुत्रा फोके पुढं, नाक जमिनीला.
"बाकीचे किडे ऊन बघून संसार मांडतात.
हा गारठ्यात मांडतो.
जमीन गोठली नाही, एवढंच त्याला पुरतं."

टॉर्चच्या वर्तुळात वाळूचा मूठभर ढिगारा,
मधे भोक, करंगळी जाईल एवढं,
आणि काठावर तो: काळा, चकचकीत,
पाठीच्या पुढ्यात तीन शिंगं, मधलं आखूड,
लेंडी ओढत उलटा चाललेला,
घर मागे आहे या भरवशावर.

मादी खाली. ती दिसत नाही.
ती खणते, तो वाळू शिंगांवर घेऊन बाहेर लोटतो.
तो लेंडी खाली देतो, ती फोडते, दाबते,
बोटाएवढी कांडी ठासून भरते,
आणि अंडं मात्र कांडीत नाही,
शेजारच्या वाळूत घालते, थोडं अंतर राखून.
का, ते रूलफीनला ठाऊक नाही.
मलाही नाही.

मागच्या वर्षीच्या ओसाड बिळात
तिनं बापाची घडीची मोजपट्टी सोडली.
सव्वा मीटर.
"हिशेब केलाय मी. माझ्या उंचीला हे शंभर मीटर पडतात.
चर्चचा मनोरा उलटा पुरला तरी खड्डा उरेल."

"या वाटेपासून त्या थडग्याच्या दगडांपर्यंत
एकसष्ट ढिगारे मोजले होते मी एकदा."
आम्ही चालत गेलो. सात.
सातवा गांडुळाचा निघाला.

मी म्हणालो, औषध नसतं दिलं तर मेंढ्या मेल्या असत्या.
"चार," ती म्हणाली.
"चौघींना द्यायचं होतं.
दोनशे सहा जणींना कशासाठी?"
सरसकट हा शब्द लिहायला
फार थोडी शाई लागते.

आता दर शरदात ती पिशव्या घेऊन येते,
प्रत्येकीवर कानातल्या बिल्ल्याचा आकडा.
मी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजतो.
ज्यांना गरज, त्या गोठ्यात राहतात,
त्यांचं शेण माळावर जात नाही.
बाकीच्या हीदरमध्ये, चरत, लेंड्या टाकत,
कुणासाठी काय टाकतोय हे न कळता.

उतावळेपणा चालत नाही इथं.
वाळूतलं अंडं शिंगं घेऊन वर यायला
दोन वर्षंही लागतात,
आणि ज्यांनी खणलं, ओढलं, ठासलं
ते आईबाप तोवर कधीच मेलेले.
पहिल्या वर्षी पाच. मग आठ. पुन्हा पाच.
चौथ्या फेब्रुवारीत एकोणीस.

ती जुनी लेंडी माझ्या ड्रॉवरमध्येच होती.
परवा खिशात घालून नेली
आणि एका ताज्या भोकाच्या काठावर ठेवली.
तो आला. हुंगली असावी.
शिंगानं बाजूला सारली,
आणि पलीकडची, संध्याकाळची, ओढत घेऊन गेला.

रूलफीन काही बोलली नाही.
त्याला अंधार हवा म्हणून
तिनं टॉर्च विझवला,
आणि आम्ही तिथंच उभे राहिलो
वाळू बाहेर पडताना ऐकू येते का बघत.